खडकाळ किनाऱ्यावर सूर्योदय-सूर्यास्ताचे फोटो: आधी पाणी बघा, मग आकाश

समुद्राचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेक जण आधी सूर्य किती वाजता उगवतो-मावळतो ते बघतात, मग ढग आहेत का ते बघतात, आणि झाली तयारी. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर एवढ्यावर भागतं. खडकाळ किनाऱ्यावर नाही भागत, कारण तिथे फोटो आकाशात नसतो, खडक आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात तिथे असतो, आणि ती जागा दर तासाला बदलते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल उघडा, सूर्याची वेळ त्यानंतर.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात (काही ठिकाणी दिवसातून एकच भरती येते, तिथलं गणित वेगळं), म्हणजे भरतीची वेळ रोज अंदाजे ५० मिनिटं पुढे सरकते. सूर्यास्ताची वेळ त्यामानाने फारच थोडी हलते. त्यामुळे आज सूर्यास्ताला पूर्ण ओहोटी असेल तर साधारण आठवड्याने त्याच वेळेला भरती असणार आणि पंधरा दिवसांनी परत ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली उतरतं, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा हा फरक कमी असतो. आणखी एक कामाची गोष्ट, एखाद्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीची घड्याळातली वेळ वर्षभर जवळपास तीच राहते, त्यामुळे एकदा ती नोंदवून ठेवली की पुढचे सगळे बेत त्यावर करता येतात.

आता कुठली वेळ चांगली? ते खडकावर आहे. कातळाचा सपाट सडा असेल तर ओहोटीला त्यात डबकी राहतात, त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं, आणि पाणी अर्ध्यावर असताना कातळाच्या कडेवरून छोटे धबधबे पडतात, पूर्ण भरतीला मात्र तिथे काहीच उरत नाही. पाण्यात एकटा सुळका उभा असेल तर उलट, भरती हवी, म्हणजे त्याच्या पायथ्याचा पसारा झाकला जातो. गोल धोंड्यांचा किनारा असेल तर पाणी धोंड्यांच्या मधून आत-बाहेर करत असतं ती वेळ पकडायची.

मला विचाराल तर निवड करता येत असेल तेव्हा उतरतं पाणी घ्या, भरती होऊन दीड-दोन तास झालेत अशी वेळ. खडक नुकतेच ओले झालेले असतात, आणि ओला खडक गडद दिसतो, चकाकतो, आकाशाचा रंग अंगावर घेतो, कोरडा खडक त्याच उजेडात फिकट आणि निर्जीव दिसतो. शिवाय समुद्र मागे जात असतो म्हणजे दर दहा मिनिटांनी नवीन खडक उघडा पडतो आणि तुम्ही त्याच्यासोबत हळूहळू पुढे सरकू शकता. चढत्या पाण्यात हे सगळं उलटं, तुम्ही फ्रेम लावता आणि समुद्र तुम्हाला मागे ढकलतो.

चढत्या पाण्याबद्दल हेही माहीत असू द्या की ते सगळे तास सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशोब असा की एकूण फरकाचे १२ भाग केले तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्या आणि चौथ्यात ३-३, मग २, मग १. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धा समुद्र चढून येतो. पहिल्या तासात "काय, फारसं काही वाढत नाहीये" असं वाटून माणूस पुढच्या खडकावर जातो आणि मागची घळ पाण्याने भरून जाते, तेव्हा लक्ष पुढच्या लाटांवर असतं, परतीच्या वाटेवर नसतं. म्हणून चढत्या पाण्यात ज्या खडकावर जायला घळ ओलांडावी लागते तिथे जाऊच नका, फोटो कितीही चांगला दिसत असला तरी.

सुरक्षेचं एवढ्यावर संपत नाही, आणि हे मी मुद्दाम कॅमेऱ्याच्या आधी सांगतोय. लाटांचा अंदाज बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. त्याच उंचीची लाट ७ सेकंदांच्या अंतराने येते तेव्हा आणि १४ सेकंदांच्या अंतराने येते तेव्हा तिच्यातली ताकद वेगळी असते, लांब अंतराची लाट खडकावर खूप वरपर्यंत चढते. आणि मोठ्या लाटा टोळीने येतात, मध्ये बराच वेळ समुद्र अगदी शांत वाटतो. त्यामुळे पोचल्या पोचल्या खाली उतरायचं नाही, वर सुरक्षित ठिकाणी उभं राहून १५-२० मिनिटं नुसतं बघायचं, सगळ्यात मोठी लाट कुठपर्यंत येते ते. खडक कुठपर्यंत ओला आहे ते बघा, पाणी उतरत नसेल आणि तुमची जागा ओली असेल तर लाट तिथे येऊन गेलीय, परत येणार. हिरवं किंवा काळं शेवाळ म्हणजे घसरणार हे धरूनच चाला, खरखरीत पांढरे शिंपले चिकटलेल्या खडकावर पाय जास्त टिकतो पण तिथे पडलात तर कातडी सोलते, कालवांच्या कडा तर सुरीसारख्या असतात, म्हणून चप्पल नाही, पकड असलेले बंद बूट. समुद्राकडे पाठ करून स्क्रीन बघत बसू नका. सोबत कोणीतरी असू द्या. आणि लाट आलीच तर ट्रायपॉड वाचवायला धावू नका, मागे व्हा.

आता उजेड. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतो तो पहिला संधिप्रकाश, त्यात हातातलं सगळं नीट दिसतं, १२ अंशांपर्यंत दुसरा, त्यात क्षितिजाची रेघ कळते पण पायाखालचं धड दिसत नाही. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो त्यामुळे पहिला टप्पा २०-२५ मिनिटांत आटोपतो, उत्तरेला किंवा दक्षिणेला जसजसं जाल तसा तो लांबत जातो. म्हणजे विषुववृत्ताकडच्या भागात हातात वेळ खरंच कमी असतो, आणि आधी जागा ठरवलेली नसेल तर रंग उतरेपर्यंत तुम्ही खडकांवरून फिरतच राहता.

सकाळी बहुतेक वेळा सगळ्यात चांगले रंग सूर्य यायच्या आधी येतात, संध्याकाळी सूर्य गेल्यावर दहा-वीस मिनिटांनी. सूर्य बुडाला की सामान गुंडाळणारे लोक बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यानंतर ढगांना खालून उजेड लागतो आणि पाणी गुलाबी व्हायला लागतं. पाठीमागेही बघत जा, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आकाशात खाली निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो, तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. त्या बाजूचा उजेड इतका मऊ असतो की एकाच एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्या एकाच मापात) आकाश आणि खडक दोन्ही बसतात, फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लागत नाही.

सूर्योदय आणि सूर्यास्त ही कामं वेगळ्या पद्धतीने करावी लागतात. सकाळी तुम्ही अंधारात पोचता, म्हणून जागा आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवायची, शक्यतो पाणी तेवढंच असतानाची, आणि डोक्याला लावायचा टॉर्च हवाच. उजेड वाढत जातो, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी शटरची वेळ (शटर उघडं राहतं तेवढे सेकंद) कमी करत जायचं. संध्याकाळी जागा शोधायला भरपूर उजेड असतो पण परतताना अंधार असतो, त्यामुळे परतीची वाट आधीच बघून ठेवायची, आणि उजेड उतरत असल्यामुळे एक्स्पोजर आपोआप लांबत जातं, फिल्टर एकेक करून काढत जायचे.

सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण किती सरकतो याचा अंदाज नसतो. २० अंश अक्षांशावर तो पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकतो, ५० अंशांवर जवळजवळ ३८ अंश. म्हणजे एखाद्या खाडीच्या तोंडात किंवा दोन सुळक्यांच्या फटीत सूर्य वर्षातले काही आठवडेच येतो. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये नकाशावर तारीख टाकली की ती रेघ दिसते. आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून असला म्हणून सकाळी तिथे जाऊ नये असं काही नाही, तेव्हा उजेड जमिनीकडून तिरका येतो आणि खडकाचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो.

ढगांचं थोडक्यात सांगतो. उंचावरचे पातळ, पिंजल्यासारखे ढग सगळ्यात चांगले पेटतात. क्षितिजाला लागून जाड ढगांची भिंत असेल तर वर कितीही छान ढग असोत, उजेड तिथेच अडतो. पूर्ण निरभ्र आकाश असेल तर आकाश फ्रेममध्ये अगदी थोडं घ्या. पूर्ण ढगाळ असेल तर घरी बसू नका, काळा खडक आणि पांढरा फेस यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्याच दिवशी निघतात.

सामान फार लागत नाही. वाइड लेन्स, मजबूत ट्रायपॉड, रिमोट (नसेल तर २ सेकंदांचा टायमर), एक-दोन फिल्टर आणि मायक्रोफायबरची कापडं, एक नाही, चार-पाच, कारण खारट तुषारांनी लेन्स सतत भिजत राहते आणि एक कापड ओलं झालं की ते फक्त डाग पसरवतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय फाकवून खाली बसवा, वाळूत उभा करायचा असेल तर आधी दाबून रुतवा, नाहीतर लाट मागे जाताना वाळू ओढते आणि कॅमेरा हळूहळू खचतो, फोटो हलतो आणि कारण कळत नाही. स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सांभाळून घेणारी सोय) ट्रायपॉडवर बंद केलेलं बरं. लांब एक्स्पोजरची नॉइज रिडक्शनही (फोटोतले रंगीत ठिपके काढणारी सोय) बंद ठेवा, ती चालू असली की जेवढा वेळ फोटो तेवढाच वेळ कॅमेरा पुन्हा अडकून राहतो, आणि नेमकी तेव्हाच चांगली लाट येऊन जाते.

सेटिंग्ज साधी आहेत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. एफ/२२ वर गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून उजेड पसरतो म्हणून) सगळंच थोडं मऊ होतं, त्यापेक्षा फिल्टर लावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सोनेरी रंग "दुरुस्त" करतो, म्हणून डेलाइटवर, ५२०० ते ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवून द्या. फोकस क्षितिजावर करू नका. फुल फ्रेमवर (मोठ्या, ३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ एमएम, एफ/११ असेल तर साधारण ८० सेंटिमीटरवर फोकस केला की ४० सेंटिमीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं, थोडं पुढे, एक मीटरवर केला तरी चालतं, ते जास्त सेफ. एकदा फोकस झाला की मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात लेन्स शोधत बसते.

शटरवर मात्र वेळ घालवायचा, कारण सगळा फोटो तिथे ठरतो. लाट खडकावर आपटून वर उडते ती गोठवायची असेल तर १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी, आणि तेव्हा आयएसओ वाढवायला घाबरू नका. १/६० च्या आसपास थेंब धड गोठत नाहीत आणि धड वाहतही नाहीत, मला तो भाग आवडत नाही. खरी गंमत १/४ ते १ सेकंदात आहे, त्यात पाण्याला दिशा मिळते, खडकांमधून परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेषा ओढल्या जातात आणि तरी ते पाणी वाटतं. २ ते ५ सेकंदांत रेषा रेशमी होतात, फेस जास्त असेल तर पांढरा लगदा होतो, कमी असेल तर छान दिसतं. ३० सेकंद आणि पुढे गेलात की लाटा संपल्या, खडकांभोवती धुकं उरतं. शांत, मोकळ्या फ्रेमसाठी ते चांगलं आहे, पण प्रत्येक किनाऱ्यावर प्रत्येक वेळी १० स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) फिल्टर लावून समुद्राचं दूध करणं मला पटत नाही, त्यात त्या दिवशीचा समुद्र कसा होता तेच पुसलं जातं.

आणि शटरइतकंच महत्त्वाचं, ते कधी दाबायचं. नवीन माणूस लाट येताना दाबतो. लाट येते तेव्हा पाणी एकसारखं पांढरं असतं, त्यात आकार नसतो. लाट येऊन फुटली, वर चढली, एक क्षण थांबली आणि मागे जायला लागली की दाबायचं, कारण परतणारं पाणी खडकांना वळसे घालत जातं आणि त्याच्या रेषा कॅमेऱ्यापासून सुरू होऊन समुद्राकडे जातात, नजर आपोआप आत खेचली जाते. मोठ्या लाटांच्या टोळीतली लाट गेली की त्यानंतरचं परतणारं पाणी सगळ्यात जोरदार असतं. एकाच फ्रेमवर थांबून लागोपाठ वीस-तीस लाटा काढा, दोन लाटा सारख्या नसतात, त्यातल्या एक-दोनच बसतात.

आता फिल्टर. ३ स्टॉपचा एनडी (रंग न बदलता उजेड कमी करणारा फिल्टर) उजेड ८ पट कमी करतो, ६ स्टॉपचा ६४ पट, १० स्टॉपचा साधारण १००० पट. फिल्टरशिवाय १/१५ येत असेल तर ६ स्टॉप लावून साधारण ४ सेकंद, १/३० येत असेल तर १० स्टॉपने ३० सेकंदांच्या वर. एकच घ्यायचा असेल तर ६ स्टॉपचा नको, ३ चा घ्या, कारण पहाटे आणि संध्याकाळी उजेड आधीच कमी असतो आणि त्या अर्ध्या-एक सेकंदाच्या शटरसाठी तोच लागतो. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर लांब एक्स्पोजरमध्ये व्ह्यूफाइंडर झाकून घ्या, मागून उजेड शिरतो. पोलरायझर खडकावरची आणि डबक्यावरची चकाकी काढतो, पाण्याखालचा तळ दिसायला लागतो, पण फिरवून बघून ठरवा, कारण ओल्या खडकावर पडलेला आकाशाचा रंग हीसुद्धा चकाकीच आहे आणि ती गेली तर फोटोतला जीव जातो.

आकाश आणि खडक यांच्यातला फरक जास्त असेल तर ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वरून काळा खालून पारदर्शक असा फिल्टर. खडक क्षितिजाच्या वर येत असतील तर सॉफ्ट (काळेपणा हळूहळू कमी होणारा) घ्या, हार्ड (एकदम तुटणारा) लावला तर सुळक्याचं डोकं काळं पडतं. फिल्टर नसेल तर ब्रॅकेटिंग करा, एक फोटो आकाशासाठी, एक खडकांसाठी, आणि नंतर जोडा, फक्त पाणी एकाच फोटोतलं घ्या. दोन फोटोंतल्या लाटा मिसळल्या की सॉफ्टवेअर काहीतरी भुतासारखं करून ठेवतं. एक्स्पोजर तपासताना स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, अंधारात ती जास्त उजळ वाटते, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा. फेस आणि सूर्याजवळचे ढग आधी जळतात, म्हणजे कोरे पांढरे होतात, आणि जळलेला फेस परत येत नाही. सूर्याची गोल थाळी पूर्ण पांढरी झाली तर होऊ द्या, ती तशीच असते. आणि टेलिफोटो लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्य बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, लाइव्ह व्ह्यू वापरा.

फ्रेम लावताना आधी एक खडक निवडा. एकच. त्याच्यामागे बाकीचं काय येतंय ते बघत ट्रायपॉड वर-खाली करा. कॅमेरा अगदी खाली नेला की पुढचा खडक मोठा आणि रुबाबदार दिसतो पण त्याचं टोक क्षितिजाला कापतं आणि मधलं पाणी गायब होतं, कंबरेपर्यंत वर घेतला की खडक आणि क्षितिज यांच्यात पाण्याचा पट्टा दिसायला लागतो आणि फोटोला खोली येते. बहुतेक वेळा दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पुरतो. कडेने अर्धवट घुसलेले खडक काढून टाका किंवा नीट आत घ्या. क्षितिज सरळ ठेवा, वाकडा समुद्र लगेच खटकतो. वालुकाश्म सोनेरी उजेडात तापल्यासारखा लाल होतो, बेसाल्ट काळाच राहतो पण ओला झाला की आरशासारखा निळा होतो, त्यामुळे बेसाल्टसाठी मी सूर्य नसतानाचा निळा उजेड जास्त पसंत करतो. डबक्यांमध्ये पाय घालू नका, त्यात जीव राहतात, आणि दगड उचललात तर जसा होता तसा परत ठेवा.

फोनवरही बरंच काही होतं. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर इफेक्ट लावता येतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोडला शटर हाताने ठरवता येतं, फक्त फोन ट्रायपॉडवर हवा आणि एक्स्पोजर बोटाने थोडं खाली ओढायचं.

एडिटिंगमध्ये हात आखडता ठेवा. सॅच्युरेशन ओढायच्या आधी व्हाइट बॅलन्स नीट करा, हायलाइट्स खाली, खडकांच्या सावल्या थोड्या वर, पण इतक्या नाही की अंधार पडलेला खडक दुपारचा वाटेल. सूर्य समोर असेल तर खडकाची समोरची बाजू काळीच असते, ती काळी राहू दे.

घरी आल्यावर कितीही झोप आली असली तरी आधी ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा, पायांचे सगळे जोड उघडून, कारण मीठ आणि वाळू आतल्या पेचात बसते. कॅमेरा आणि लेन्स ओलसर कापडाने पुसा. लेन्सच्या काचेवर वाळलेलं मीठ कोरड्या कापडाने घासू नका, चरे पडतात, आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग लेन्सचं लिक्विड लावलेल्या कापडाने मीठ विरघळवा, मग सुकं कापड. फिल्टरही तसेच. आणि एसीच्या खोलीतून दमट किनाऱ्यावर निघणार असाल तर कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच न्या, पोचल्यावर अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर बाफ धरते आणि ती जाईपर्यंत सूर्य वर आलेला असतो.